महाविद्यालयातली सायकल: कुलूप, स्टँड आणि नोंद

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना पुण्यातल्या अनेक घरांत कॉलेजला जायला सायकल घ्यायचा विचार होतो. विचार चांगलाच आहे. पण घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथे लावणार कुठे, आणि चोरीला गेली तर? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे नीट उत्तर देता येते. सायकली दुरुस्त करणारे आणि रोज सायकल चालवणारे आम्ही काही जण ते उत्तर तपशिलाने मांडत आहोत. पत्र लांबले आहे, पण हा विषय तपशिलाशिवाय मांडून उपयोग नाही.

आमच्या पाहण्यात कॉलेजच्या आवारातून ज्या सायकली जातात, त्यांतल्या बहुतेक कशालाच बांधलेल्या नसतात. कुलूप असते, पण ते सायकलच्याच चाकात अडकवलेले असते. मागच्या चाकाला बसवलेले रिंग कुलूप असो की आरे आणि फ्रेम यांतून फिरवलेली केबल, अशी सायकल चालवता येत नाही एवढेच. उचलता येते. साध्या सायकलचे वजन बारा ते अठरा किलो. मागचे चाक उचलून, पुढच्या चाकावर ढकलत कोणी फाटकाकडे निघाला तर 'किल्ली हरवली असेल' असे वाटून कोणी त्याला हटकत नाही. कुलूप पुढे निवांत तोडता येते. तेव्हा पहिला नियम हाच, की सायकलची फ्रेम जमिनीत रोवलेल्या एखाद्या पक्क्या वस्तूला बांधली गेली पाहिजे. तो पाळायचे निम्मे काम विद्यार्थ्याचे आहे. उरलेले निम्मे, म्हणजे ती पक्की वस्तू उपलब्ध करून देणे, हे कॉलेजचे.

आधी विद्यार्थ्याचे काम. नव्या सायकलीबरोबर दुकानात सर्रास घेतले जाते ते चार आकड्यांचे केबल कुलूप. बाहेरून अंगठ्याएवढे जाड दिसते, पण त्यातली बरीचशी जाडी रंगीत प्लॅस्टिकची असते. आतला तारदोर सहा-आठ मिलिमीटरचा, कधी त्याहूनही बारीक. हातात मावणाऱ्या तारदोराच्या कटरने तो काही सेकंदांत तुटतो. कटर नसला तर साध्या पकडीने एकेक तार तोडत दोन-चार मिनिटांत काम होते, कारण हा दोर बारीक तारांचा पीळ असतो आणि प्रत्येक तार वेगळी तुटते.

आकड्यांचे म्हणाल तर चार चकत्यांचे दहा हजार जोड होतात हे खरे. पण स्वस्त कुलपात केबल ताणून धरून चकती फिरवली की योग्य आकड्यावर ती किंचित अडते, बोटाला कळते. शिवाय घाईत असलेला विद्यार्थी चारही चकत्या विस्कटत नाही. शेवटची एक घर पुढे सरकवतो आणि तासाला पळतो. बघणाऱ्याला तेवढे पुरते. असे कुलूप घरात असेलच तर फेकू नका. पुढचे चाक किंवा हेल्मेट अडकवायला दुसरे कुलूप म्हणून ते चालते. मुख्य कुलूप मात्र दुसरे हवे.

मुख्य कुलपाला दोन पर्याय आहेत. एक यू-लॉक, म्हणजे इंग्रजी यू आकाराची दांडी आणि तिचे तोंड बंद करणारी आडवी नळी. काही दुकानांत त्याला डी-लॉक म्हणतात. त्याची दांडी कठीण केलेल्या पोलादाची आणि बारा ते चौदा मिलिमीटर जाडीची असावी. घेताना आडव्या नळीत दांडीची दोन्ही टोके अडकतात की एकच, हे पाहावे. एकच टोक अडकत असेल तर दांडी एका ठिकाणी कापून फिरवली की कुलूप उघडते. दोन्ही अडकत असतील तर बहुतेक वेळा दोनदा कापावी लागते. आकार लहान बरा. आतली रुंदी आठ-दहा सेंटिमीटर आणि लांबी सतरा ते तेवीस सेंटिमीटर पुरते. मोठे कुलूप लावायला सोपे, पण आत रिकामी जागा राहिली की तीत पहार किंवा मोटारीचा छोटा जॅक घालून ताण देता येतो. ती जागा फ्रेम, चाक आणि खांब यांनीच भरून टाकायची.

दुसरा पर्याय साखळीचा. तिची कडी आठ ते दहा मिलिमीटरची, कठीण केलेली आणि शक्यतो चौकोनी किंवा षट्कोनी छेदाची असावी. अशा कडीवर बोल्ट कटरच्या जबड्याला नीट पकड मिळत नाही. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साखळी जाड दिसली तरी मऊ लोखंडाची असते. ओळखायची खूण सोपी आहे: कडीच्या एका कोपऱ्यावर कानस घासून पाहा. मऊ लोखंडावर कानस धरते आणि चकचकीत चरा पडतो. कठीण पोलादावरून ती घसरते. साखळी भारी आणि तिला लावलेले कुलूप पेटीला लावतात तसले, अशी जोडी बरेचदा दिसते. चोर साखळीला हातही न लावता कुलपाची बारीक कमान कापतो.

कुलपाच्या वेष्टनावर एक ते दहा किंवा एक ते पंधरा असे सुरक्षेचे गुण छापलेले असतात. ते प्रत्येक कंपनीचे स्वतःचे मोजमाप आहे; एका कंपनीचा आठ आणि दुसरीचा आठ यांची तुलना होत नाही. ब्रिटनमधील सोल्ड सिक्युअर किंवा नेदरलँड्समधील एआरटी या स्वतंत्र तपासणीचा शिक्का असेल तर त्याला अर्थ आहे. किल्ली चपटी असलेली बरी. नळीसारख्या गोल किल्लीची काही कुलपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे २००४ मध्ये अमेरिकेत उघडकीला आले आणि तिथल्या उत्पादकांना कुलपे बदलून द्यावी लागली. तसली स्वस्त कुलपे बाजारात अजूनही दिसतात. नव्या कुलपाबरोबर किल्लीचा क्रमांक छापलेला बिल्ला किंवा कार्ड आले तर त्याचा फोटो काढून ठेवावा. दुसरी किल्ली घरी ठेवावी, त्याच जुडग्यात नको.

बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे यांतले कोणतेही कुलूप फार काळ टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. ग्राइंडरचा आवाज मोठा आणि ठिणग्या दुरून दिसणाऱ्या. त्यामुळे त्याला उत्तर जाड कुलपापेक्षा वर्दळीच्या जागेत आहे. त्या जागेकडे पुढे येतो.

कुलूप कसे लावायचे, हे कोणते घ्यायचे यापेक्षा महत्त्वाचे आहे. मागचे चाक, फ्रेम आणि खांब असे तिन्ही एका फासात आले पाहिजेत. लहान यू-लॉक असेल तर ते फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या (सीटची नळी आणि मागच्या चाकाच्या धुऱ्याकडे जाणाऱ्या नळ्या यांच्या) आत, रिमवरून आणि खांबावरून घालावे. फ्रेमच्या नळीभोवती वेगळे घातले नाही तरी चालते, कारण मागचे चाक त्या त्रिकोणातून कुलपासकट बाहेर निघत नाही. मागचेच चाक का? फ्रीव्हील आणि गिअरमुळे ते महाग असते, आणि पुढच्यापेक्षा त्याची चोरी जास्त नडते. पुढच्या चाकाला वर सांगितलेली केबल पुरते. तिचा एक फासा यू-लॉकच्या दांडीत ओवायचा.

कुलूप चुकीच्या जागी लागले की चांगले कुलूपही वाया जाते. सीटच्या दांड्याला लावले तर सीट ढिली करून वर उपसली की सायकल मोकळी. कॅरिअरला किंवा मडगार्डच्या काडीला लावले तर दहा नंबरच्या पान्याने दोन बोल्ट काढले की झाले. नुसत्या पुढच्या चाकाला लावले तर चाक तिथे राहते आणि सायकल जाते. कुलूप जमिनीला टेकू देऊ नये. फरशीचा आधार मिळाला की हातोडीचा घाव पूर्ण बसतो. किल्लीचे भोक खाली तोंड करून असावे. पावसाचे पाणी आत जात नाही आणि चोराला हत्यार घालायलाही अवघड जाते.

ज्याला बांधायचे ती वस्तू आधी दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहावी. सूचनाफलकाचा खांब वरून मोकळा असेल तर सायकल कुलपासकट वर उचलून काढता येते. त्याच्या तळाला नट-बोल्ट असतील तर खांबच निघतो. तारेची जाळी पकडीने तुटते. गंजलेल्या कठड्याचे वेल्डिंग एका हिसक्यात सुटते. झाडाला साखळी बांधू नये, साल सोलवटते आणि बारीक झाड कापलेही जाते.

आता सुट्या भागांची चोरी. गिअरच्या सायकलींना पुढचे चाक आणि सीट यांना हाताने उघडणारी क्विक रिलीजची तरफ असते. शर्यतीत पंक्चर झाले तर सोयीची. कॉलेजच्या स्टँडवर तिचा काहीच उपयोग नाही. दुकानातून ती काढून एलन-कीने आवळायचा स्क्यूअर (चाकाच्या धुऱ्यातून जाणारी दांडी) आणि सीटला बोल्टचा क्लँप बसवून घ्यावा. खर्च किरकोळ आहे. सीटच्या बोल्टच्या षट्कोनी खाचेत योग्य मापाचा छर्रा बसवून वर मेणबत्तीचे मेण ओतले तर एलन-की आत जात नाही. उंची बदलायची झाली की मेण कोरून छर्रा चुंबकाने काढायचा. एम-सील भरू नका, पुढे आपल्यालाच निघत नाही.

महाग सीट असेल तर आणखी एक उपाय. जुन्या सायकलचेनचा हातभर तुकडा जुन्या ट्यूबमध्ये घालावा, सीटखालच्या तारांतून आणि मागच्या त्रिकोणातून ओवून चेनच्या पिनने कायमचा जोडावा. ट्यूबमुळे रंग खरचटत नाही. कोणत्याही दुकानात दहा मिनिटांचे काम आहे आणि बहुतेक कारागीर त्याला जुनीच चेन वापरतात. दिवा, पंप आणि बाटली मात्र रोज काढूनच न्यावी.

कुलपाची निगा हा भाग सगळ्यांत दुर्लक्षित. पावसाळ्यात कुलूप गंजते, किल्ली अडते, मग विद्यार्थी ते नुसते अडकवून ठेवतो, किल्ली फिरवतच नाही. पंधरा दिवसांतून एकदा किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड किंवा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घालावा. खोबरेल किंवा इंजिन ऑइल घालू नये. त्यावर धूळ बसून आत राळ होते. किल्ली अडली तर पक्कड लावून फिरवू नये, किल्लीच तुटते.

आता कॉलेजच्या वाट्याचे काम. पुण्यातल्या बहुतेक आवारांत सायकलींसाठी जे स्टँड दिसतात ते पुढचे चाक खाचेत घालायचे. गुडघ्यापेक्षा कमी उंचीच्या, दोन समांतर गजांच्या खाचा. त्यात फ्रेमला कुलूप पोहोचतच नाही, पोहोचते ते फक्त पुढच्या चाकाला. वर शेजारच्याची सायकल कलंडली की आपल्या चाकाला बाक येतो, म्हणून बरेच जण ते टाळून सायकल भिंतीला टेकवतात. विद्यार्थी फ्रेम बांधत नाहीत ही तक्रार करण्याआधी फ्रेम बांधता येईल असे काही आवारात आहे का, हे प्राचार्यांनी एकदा चक्कर मारून पाहावे. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. पण महापालिकेचा रस्ता फाटकापाशी संपतो आणि दिवसाचे पाच-सहा तास सायकल उभी असते ती फाटकाच्या आत.

हवा तो स्टँड अगदी साधा असतो: उलट्या यू आकाराची, जमिनीत रोवलेली एक कमान. गावातला कोणताही फॅब्रिकेशनवाला ती करून देतो, म्हणून मापे इथेच देतो. दीड इंची जीआय पाइप घ्यावा, सी क्लासचा. त्याचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटरच्या आसपास आणि जाडी ४ मिलिमीटर येते. लहान यू-लॉकही त्यावरून सहज बसते. कमानीची जमिनीवरची उंची ७५० मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. रुंदी ७०० मिलिमीटर. दोन्ही पाय जमिनीत एकेक फूट. वाक धरून एका कमानीला सुमारे पावणेतीन मीटर पाइप लागतो, म्हणजे सहा मीटरच्या एका पाइपात दोन कमानी बसतात. एका कमानीच्या दोन्ही अंगांना एकेक, अशा दोन सायकली लागतात.

वाकवायला हायड्रॉलिक बेंडर हवा. नुसत्या हाताने वाकवलेला पाइप कोपऱ्यात चपटा होतो आणि तिथूनच पुढे गंजतो. पायांच्या खालच्या टोकाला बारा मिलिमीटरची सळई आडवी वेल्ड करावी, म्हणजे काँक्रीट फोडले तरी कमान सरळ वर उपसता येत नाही. खड्डा फूटभर रुंद आणि सव्वा फूट खोल. त्यात एम-२० काँक्रीट, सात दिवस पाणी मारून. वेल्डिंग केलेल्या जागी जस्ताचा रंग दोन हात द्यावा. फरशीवर प्लेट ठेवून अँकर बोल्ट मारणे हा सोपा मार्ग बरेच ठेकेदार सुचवतात. तो मान्य करू नये. पान्याने उघडणाऱ्या बोल्टवर उभा असलेला स्टँड चोराच्या सोयीचा. खाली तळघराचा स्लॅब असल्यामुळे खणताच येत नसेल तर निदान प्रत्येक नट बोल्टला वेल्ड करून टाकावा.

दोन कमानींत एक मीटर अंतर ठेवावे. जास्त सायकली बसाव्यात म्हणून ते फूट-दीड फुटावर आणले की हँडल एकमेकांत अडकतात, आतल्या बाजूला वाकून कुलूप लावता येत नाही आणि प्रत्यक्षात निम्मीच जागा वापरली जाते. ओळ भिंतीकडे काटकोनात असेल तर कमान आणि भिंत यांत दोन फूट मोकळे सोडावे. एक मोटार लावायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा आखतात. तेवढ्याच जागेत अशा पाच कमानी, म्हणजे दहा सायकली येतात. छप्पर असेल तर उत्तम, पण पैसे कमी असतील तर छपराआधी कमानी घालाव्यात. आपल्याकडे नेमके उलटे होते: चकचकीत पत्र्याचे छप्पर, वर देणगीदाराची पाटी, आणि खाली काहीच नाही.

जागेची निवड हीच पुढे पहारेकऱ्याचे निम्मे काम करते. सायकलींना नेहमी मागची बाजू मिळते, जिमखान्याच्या पाठीमागे किंवा जनरेटरच्या खोलीशेजारी. तिथे ग्राइंडर चालला तरी कोणाला ऐकू जात नाही. ओळ मुख्य इमारतीच्या दारासमोर, ग्रंथालयाच्या खिडक्यांसमोर किंवा कॅन्टीनच्या वाटेवर असावी. पाच-सहा फुटी कुंपणाच्या भिंतीला लागून अजिबात नको. एकाने आतून उचलायची आणि दुसऱ्याने बाहेरून झेलायची, फाटकाचा संबंधच येत नाही. सायंकाळचे वर्ग आणि ग्रंथालय रात्रीपर्यंत चालू असेल तर दिवा हवा.

कॅमेऱ्याबद्दल थोडेच. सायकलींच्या डोक्यावर लावलेल्या कॅमेऱ्यात टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. एक कॅमेरा बाहेर पडायच्या वाटेवर, माणसाच्या उंचीच्या जरा वर, समोरून चेहरा येईल असा लावावा. जुने चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाऊन नवे भरत असते, म्हणून चोरी कळल्याच्या दिवशीच लेखी अर्ज देऊन ते जपून ठेवायला सांगावे.

फाटकावर काय करावे? आपल्याकडच्या जुन्या सायकल स्टँडवर बिल्ल्यांची पद्धत होती. एकाच क्रमांकाचे दोन बिल्ले, एक हँडलला आणि एक मालकाकडे. बाहेर पडताना दोन्ही जुळले तरच सायकल सुटायची. ही पद्धत आजही कमी खर्चात उत्तम चालते, अट एवढीच की जाताना बिल्ला खरोखर पाहिला गेला पाहिजे. हजारो विद्यार्थ्यांच्या कॉलेजात प्रत्येकाला थांबवणे जमणार नसेल तर सुरक्षारक्षकाला एकच नेमका नियम द्यावा: सायकल उचलून, खांद्यावर घालून किंवा कुलूपबंद चाक अधांतरी धरून कोणी नेत असेल तर ओळखपत्र पाहून नोंदवहीत लिहिल्याशिवाय सोडायचे नाही.

किल्ली हरवलेल्या खऱ्या मालकासाठी सुरक्षा कार्यालयातच बोल्ट कटर ठेवावा. ओळखपत्र आणि सायकलचा क्रमांक दाखवला की कुलूप तिथल्या माणसाने तोडून द्यावे. हे छोटे काम वाटते, पण फार उपयोगाचे आहे. ही सोय नसली की मुले स्वतःच करवत आणून दिवसाढवळ्या आपली कुलपे कापतात, आणि असे दृश्य सगळ्यांच्या डोळ्यांना सवयीचे होते.

जिथे पैसे घेऊन, बिल्ला देऊन सायकल ताब्यात घेतली जाते, तिथे 'स्वतःच्या जबाबदारीवर' या पाटीमागे पूर्णपणे लपता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते. हॉटेलच्या ताब्यात दिलेल्या मोटारीच्या चोरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच तत्त्व लावले आणि निष्काळजीपणा असेल तर नुसत्या पाटीने जबाबदारी टळत नाही असे म्हटले. ताबा न घेता नुसती जागा दिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून स्टँडची पावती जपून ठेवावी.

आता नोंदीचे. मोटारसायकलला आरसी बुक असते, सायकलला तसे काही नसते. मग ती आपली आहे हे सिद्ध करायला दोनच गोष्टी उरतात: दुकानाचे बिल आणि फ्रेमवर ठोकलेला क्रमांक. हा क्रमांक बहुतेक सायकलींच्या पोटाखाली, पायडलचा धुरा ज्या नळीतून जातो तिच्या तळाला असतो. काहींना सीटच्या नळीवर किंवा हँडलखालच्या नळीवर. सायकल उलटी करा, रॉकेलच्या फडक्याने तेलकट मळ पुसा, खडू घासा आणि वरचा खडू हलकेच झटका. खाचांत पांढरे राहते आणि आकडे वाचता येतात. मोबाइलचा दिवा तिरका धरून फोटो काढा. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांची गल्लत होते, म्हणून फोटो हवाच. स्टिकरवरचा क्रमांक बरेचदा मॉडेलचा असतो, तो उपयोगाचा नाही. बिलावर हा क्रमांक लिहून घेण्याचा आग्रह खरेदीच्या वेळीच धरावा. दुकानदार विचारल्याशिवाय सहसा लिहीत नाहीत.

जपानमध्ये १९९४ पासून सायकलची चोरीविरोधी नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे तशी देशव्यापी सोय नाही, पण कॉलेजला स्वतःपुरती करायला कोणी अडवलेले नाही. प्रवेशाच्या अर्जात दोन रकाने वाढवायचे, फ्रेम क्रमांक आणि सायकलचे वर्णन, आणि सीटखालच्या नळीवर अनुक्रमांकाचे न निघणारे स्टिकर लावायचे. एका कारकुनाचे आठवडाभराचे काम.

ब्लूटूथचा छोटा टॅग सायकलमध्ये लपवण्याची पद्धत आता दिसते. तो आजूबाजूच्या लोकांच्या फोनच्या आधारे जागा कळवतो, त्यामुळे शहरात बरा चालतो. धातूच्या नळीत खोल घातला तर संदेश अडतो. सीटच्या पोटात किंवा बाटलीच्या पिंजऱ्याखाली ठेवावा. अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना काही वेळाने चोराच्या फोनवरही येऊ शकते, म्हणून दिरंगाई नको. जागा कळली तरी एकट्याने तिथे जाऊ नये, पोलिसांना घेऊन जावे.

एवढे करूनही सायकल गेलीच तर? आधी आवाराची दुसरी फाटके, वसतिगृह आणि जवळचा बसथांबा पाहून घ्या. काही सायकली नुसत्या चालवून टाकून दिलेल्या असतात. त्यात तासाभराहून जास्त घालवू नका. मग पोलीस ठाण्यात तक्रार. इथे एक चूक फार होते. ऑनलाइन 'हरवले-सापडले' मध्ये नोंद केली की तक्रार झाली असे विद्यार्थी समजतात. ती हरवल्याची नोंद आहे; तिच्यावर चोरीचा तपास होत नाही. 'चोरी' हाच शब्द लिहावा.

१ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ लागू आहे. त्यात एक मेख आहे जी सायकलवाल्यांना माहीत असायला हवी. चोरीच्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही. म्हणून किंमत अंदाजाने 'तीन-चार हजार' अशी सांगून मोकळे होऊ नये. बिल दाखवावे, सायकलबरोबर गेलेले कुलूप, दिवा, कॅरिअर, नवे टायर यांचा खरा हिशोब धरून खरी किंमत लिहावी. त्याबरोबर फ्रेम क्रमांक, रंग, ओळखीची खूण आणि सायकलचा फोटो द्यावा.

फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदवलेल्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. नोंदवायला नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तोच मजकूर वरिष्ठांना, म्हणजे शहरात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना, टपालाने पाठवता येतो. सायकल सापडली की ती मुद्देमाल म्हणून जमा होते; ती परत मिळवायला न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनामा, म्हणजे ती ताब्यात घेत असल्याची लेखी हमी, लिहून द्यावा लागतो. त्या दिवशी बिल नसेल तर ठाण्याच्या अंगणात आपलीच सायकल समोर दिसत असून हाती येत नाही.

जुनी सायकल विकत घेणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. बिल नाही, क्रमांक कानशीने घासलेला किंवा त्यावर ताज्या रंगाचा थर, किल्ली एकही नाही आणि किंमत निम्म्याहून कमी, अशी सायकल घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि फ्रेम क्रमांक लिहिलेली साधी पावती घ्यावी. आमच्या कारागीर मित्रांनीही क्रमांक घासलेल्या सायकलीला नवा रंग मारून देऊ नये. थोडा धंदा जाईल, जाऊ दे.

शेवटचा मुद्दा सुट्ट्यांचा. दिवाळीत आणि परीक्षेनंतर वसतिगृहातल्या सायकली आठवडेच्या आठवडे जागच्या हलत नाहीत. धूळ आणि बसलेले टायर पाहून मालक गावाला गेला आहे हे कोणालाही कळते. जाताना सायकल खोलीत किंवा वसतिगृहाच्या बंद खोलीत ठेवावी. जमले नाही तर निदान पुढचे चाक काढून सोबत खोलीत न्यावे. कॉलेजने वर्षअखेरीस प्रत्येक पडीक सायकलला तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी, महिनाभर वाट पाहावी, मग नोंद करून ती वेगळ्या जागी हलवावी. अशा बेवारस सायकली जागा अडवतात आणि चोराला त्यांतून सावकाश सुटे भाग काढायची मुभा मिळते.

पुण्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाने यंदा दिवाळीच्या सुट्टीत अशा दहा कमानींची एक ओळ बसवावी, ही आमची मागणी. पाच पाइप, वीस सायकलींची सोय, दहा मीटर बाय दोन मीटर जागा. सुट्टीनंतर ती ओळ सकाळी किती वाजता भरते हे रक्षकाने महिनाभर वहीत लिहावे. पुढच्या ओळी किती आणि कुठे घालायच्या ते त्या वहीवरून ठरवता येईल.

आपले नम्र,
सायकल दुरुस्ती करणारे काही कारागीर आणि रोज सायकल चालवणारे काही नागरिक, पुणे